निजलेलं मूल

अझरू, ४ मार्च १९८६

तुझं पोट सहा महिन्यांचं झालं, आणि मला कळतंय ते बाजारात, तेलवाल्याकडून.

चि. तामूस, इत्तो आजीचे सलाम व आशीर्वाद. आधीची तीन गळाली, म्हणून या खेपेला गप्प राहिलीस. पण दृष्ट काय माझीच लागते? कासाब्लांकाच्या डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून पिशवीतला आडपडदा कापला, पिशवी शिवली, तेव्हा उशाशी मी होते; तुझी सासू नव्हती. बाई म्हणाल्या होत्या, शिवलेल्या पिशवीनं घरी बाळंत व्हायचं नाही. सासूच्या सुईणीला म्हणावं, तू मेंढ्या बघ.

नातजावई हद्दूला आशीर्वाद. लोभ आहे म्हणतेस, तर तो पत्रातून दिसू दे.

इत्तो

ताझा, ११ मार्च

ती. आजीस तामूचा सादर सलाम, वि. वि.

रागावू नकोस. आठवडा उलटला, बाळ हलत नाही. सासूबाई म्हणतात, थंडीनं निजलंय, उबेनं उठेल. त्यांच्या आत्याचं दोन वर्षं पोटात निजलं होतं, मग उठून जन्मलं. सुईणही तेच म्हणते. रोज पोटाला गरम तेल चोळते. इस्पितळात नेलं तर निजलेलं मूल काढून टाकतील, म्हणून हद्दू नेत नाही. कालपासून मला ताप आहे.

आजी, आपल्याकडेही मुलं निजतात ना? तू हो म्हण, मी वाट बघीन.

लोभ असू दे.

तुझी तामू

अझरू, १४ मार्च

तामू, मी हो म्हणणार नाही.

सासूच्या आत्याचा नवरा दोन वर्षं फ्रान्सच्या कोळशाच्या खाणीत होता, म्हणून तिचं मूल दोन वर्षं निजलं. मुलं निजतात ती अशा बायकांची, नाहीतर विधवांची. त्यांची मान वाचावी म्हणून आम्ही बायका हे सांगत आलो. मीही दोघींसाठी शपथेवर सांगितलंय, पुन्हा सांगेन. तुझा नवरा घरात आहे. तुझं मूल मेलंय, पोरी. ते आत सडतंय, ताप त्याचाच आहे, आणि पिशवीवर शिवण आहे. तेल चोळणं बंद. रडायचं तर इस्पितळाच्या वाटेवर रड.

टपालात दिवस जातील, म्हणून हे बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. हद्दूच्याच हातात द्यायला बजावलंय. माझे गुडघे चालत असते तर मीच आले असते.

हद्दू, वाचलंस ना? आता ऊठ, तिला ने. आईला विचारत बसू नकोस. उत्तर तामूनं लिहायचं नाही, ती खाटेवर असेल. तुझ्या आईनंही नाही. तामू वाचली की गेली, ते तू लिहायचं, तुझ्या हातानं.