हजार तासांची सरळ रेघ

३ मार्च, सकाळी १०
आजपासून रोजनिशी नियमित. वितळलेलं मीठ सातशे अंशांवर पाईपांच्या लूपमधून सलग हजार तास फिरवायचं, मोजणी आत्तापासून. उद्याच्या अणुभट्टीत हेच मीठ उष्णता वाहून नेणार. सध्या आत अणूबिणू काही नाही, नुसतं मीठ. पार पडलं तर मोठ्या लूपचा प्रमुख मीच. डायरेक्टर 'बघू' म्हणाले. त्यांच्या बघूचा अर्थ मला कळतो.

संध्याकाळी ५
दुपारी तळाच्या ड्रेन पाईपवरच्या तापमानाच्या सेन्सरची तार सुटली. मिस्त्री सरसावले. म्हटलं, आणा इकडे. स्वतः बांधली. तीन पीळ, वर गाठ, त्यावर इन्सुलेशन. पाईप महत्त्वाचा. त्याला गरम ठेवणारा हीटर याच सेन्सरच्या आकड्यावर चालतो. वीज गेली की सगळं मीठ यातूनच खालच्या टाकीत उतरायचं. पाईप साडेचारशेच्या खाली गेला की आतल्या मिठाचा दगड.

६ मार्च
ड्रेन ५५०. ना अंशभर वर, ना खाली. बाकीचे सेन्सर सारखे वर-खाली. ते मिस्त्रींनी बांधलेले.
घरी बेसिन तुंबलंय. बायको म्हणाली, प्लंबर बोलावू. सातशे अंशांचं मीठ वाहतं ठेवणाऱ्याच्या घरी प्लंबर! रविवारी मीच बघतो.

८ मार्च, रविवार
बेसिनखालचा पाईप निघाला. परत बसत नाही. बादली ठेवली. तात्पुरती.

२४ मार्च. तास ५०४
मिस्त्री म्हणाले, मोठं दार उघडून गार वारा आत आला तरी ड्रेनचा आकडा हलत नाही, हे काही बरं दिसत नाही. एकदा इन्सुलेशन सोडून बघू, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, चांगलं चाललेलं बघवत नाही का? सगळ्यांसमोर म्हटलं. जरा जास्तच झालं. पण तीस वर्षं नोकरी झाली की माणसाला नवीन काही पटत नाही.

२५ मार्च
मिस्त्री चहाला हाक न मारता गेले. जाऊ देत. मला काम आहे.

२ एप्रिल. तास ७२०
ड्रेनचा आलेख डायरेक्टरांना पाठवला. पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ. उत्तर नाही. भारावले असावेत.
बायकोने बादलीचा विषय काढला. हिला काळवेळ नाही.

९ एप्रिल. तास ८८८
समारंभाचं भाषण तयार. मिस्त्रींचाही उल्लेख केलाय. मन मोठं ठेवावं.

१० एप्रिल, सकाळी १०. तास ९१२
मेन ब्रेकर पडला, वीज गेली. घाबरायचं कारण नाही. ड्रेन उघडा म्हटलं, अगदी शांतपणे.

१०.०५
टाकीची पातळी वाढत नाही. पातळीचा सेन्सर बिघडला असणार.

१०.२०
सेन्सर चांगला आहे.

११.४०
वीज आली. पंप जागचा हलत नाही. लूपभर मीठ गोठलं. मिस्त्री म्हणाले, आता घाईने तापवलं तर मीठ वितळताना फुगून पाईप फाडेल. लूप कापावा लागणार. गेले हजार तास. गेलं प्रमुखपद. रडू येत होतं, म्हणून ब्रेकरवर ओरडलो.

११ एप्रिल
इन्सुलेशन सोडलं. सेन्सर पाईपला नव्हताच. मी तो हीटरला बांधला होता. अडतीस दिवस हीटर स्वतःचंच तापमान सांगत होता आणि पाईप आत गार पडत होता. डायरेक्टर शेजारीच उभे. मिस्त्रींना काय काय बोलता आलं असतं. ते पक्कड घेऊन खाली बसले. तार सुटेना, शेवटी कापली. गाठ मात्र पक्की मारलीत साहेब, एवढंच म्हणाले.
घरी आलो. बादली नव्हती. प्लंबर येऊन गेला होता. दहा मिनिटांचं काम होतं, बायको म्हणाली.
नळ सोडला आणि पाणी जाताना बघत बराच वेळ उभा राहिलो.