पिंजऱ्यातल्या अकरा बिया

रबाब,

मी बहिणीकडे चालले आहे. फोन करू नकोस, उचलणार नाही.

आज प्रयोगशाळेतले पिंजरे साफ करताना भुशाखाली खजुराच्या अकरा बिया सापडल्या, चाटूनपुसून लख्ख केलेल्या. सोमवारी संध्याकाळी चाव्या तुझ्याकडे होत्या आणि तुला फक्त पाण्याच्या बाटल्या भरायला सांगितलं होतं. सकाळी रक्तातली साखर मोजायची म्हणून उंदरांना उपाशी ठेवलंय, हे पिंजऱ्यावर लिहिलंही होतं. पण मगरिबची अझान झाली, तू इफ्तारचा डबा उघडलास आणि तुला त्यांची दया आली. "उपाशी जिवांसमोर घास कसा उतरेल गं?" गल्लीतल्या मांजरांना बघूनही दर रमजानला हेच म्हणतेस.

दया आली, ते एक वेळ समजू शकते. पण बुधवारी आपल्या गाइड डॉक्टर सौसन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इंगी, तुझ्या औषधानं साखर काडीइतकीही उतरलेली नाही. विषय बदल." तेव्हा तू शेजारच्याच खुर्चीवर होतीस. वर माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालीस, "जाऊ दे, नशीब असतं एकेकाचं." माझं दीड वर्षाचं काम मातीत जात होतं, आणि खरं सांगायच्या वेळी तुझ्या तोंडात मिठाची गुळणी!

मी तुझं नाव सांगितलेलं नाही. उद्या दहा वाजता डॉक्टरांच्या खोलीत जाऊन तूच सांगायचंस.

इफ्तारसाठी मुलुखियाची पातळ पालेभाजी केली होती, ती मी घेऊन जाते आहे. अझान झाली की टेबलावरच्या ताटलीचं झाकण काढ. रोजा सोडायला तुझ्यासाठी त्या बिया ठेवल्या आहेत, अकराच्या अकरा.

इंगी