मिटल्या पापण्यांची काच

लेनिनग्राड, १२ फेब्रुवारी १९८४

परमपूज्य कपितोलीना मावशीच्या चरणी,

अग्नियाचा साष्टांग नमस्कार (फरशी बर्फासारखी गार असल्याने तो कागदावरच घातला आहे). तुझा गुडघा आणि वोलोग्दाच्या औषधालयातली तुझी शेगडी, दोघेही फारशी कुरकुर न करता चालत असावेत. माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त दहाही बोटे तपकिरी झाली आहेत, त्याचे कारण पुढे येईलच.

आमच्या संग्रहालयात होलोग्राम करतात, म्हणजे वस्तू काचेत बसलेली दिसते आणि हात घालावा तर नसते, हे तुला ठाऊक आहे. या वेळची वस्तू म्हणजे एका नटीच्या मृत चेहऱ्यावरून घेतलेला प्लास्टरचा मुखवटा. तो तिच्या सत्तरीतल्या कन्येने, येवदोकिया प्लातोनोव्हनांनी, एका दिवसापुरता दिला होता. काच त्यांना पसंत पडून त्यांनी सही केली तरच माझी नोकरी कायम, असे आमचे प्रमुख इनोकेंती ल्वोविच यांनी (प्रेमळपणे) बजावले होते.

पहिली काच मीच वाया घालवली. काचेवर चित्र उमटवणारे (आणि बोटे तपकिरी करणारे) पायरोगॅलॉलचे पाणी आणि सोड्याचे पाणी अगदी ऐन वेळी एकत्र करायचे असते. मी तत्परतेने अर्धा तास आधीच केले. ते कोऱ्या चहासारखे काळे होऊन मेले आणि काच कोरीच निघाली. उरली एकच काच, आणि बरणीत पायरोगॅलॉलची तळाची भुकटी. प्रवासाला निघण्यापूर्वी आपण घटकाभर बसतो ना, तसे प्रमुख, येवदोकिया बाई आणि मी वीस मिनिटे स्टुलांवर निश्चल बसलो (मेज पुरते स्थिरावण्यासाठी, इथे श्वासानेही चित्र विस्कटते). त्या शांततेत सर्वांत स्थिर कोण होते, हे सांगायला नको. मग लेसरच्या उजेडाने मुखवटा काचेवर टिपला, आणि पुढे हिरव्या मिणमिणत्या दिव्याखाली काच त्या पाण्यात आधी काळी पडली, नंतर दुसऱ्या द्रावणात पुन्हा स्वच्छ झाली, आणि आनंदाच्या भरात मी ती चौकटीत उलटी बसवली.

उलट्या काचेत खोल ते उंच होते, उंच ते खोल. तरी डोळ्यांना चेहरा साधाच दिसतो. फक्त आपण सरकलो की तो आपल्यामागे वळतो. बाई डावीकडे गेल्या. मिटल्या पापण्यांचा तो चेहरा डावीकडे वळला. उजवीकडे गेल्या, उजवीकडे वळला. कोणीतरी दाराबाहेर पळाले (ते प्रमुख होते). बाहेरूनच ते ओरडले, “अगं भवाने, उलटी लागलीये ती! सरळ कर!”

मी सरळ केली. चेहरा जागीच थिजला.

“गेली परत,” बाई म्हणाल्या. “पोरी, होती तशी लाव. जन्मभर हजार माणसांकडे बघितलं हिने. माझ्याकडे मान वळवली ती आज.”

“अहो बाई, शास्त्राच्या दृष्टीने ती चूक आहे!” प्रमुख दारातून म्हणाले.

“तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा. अशीच एक मला घरी द्या, मग सही करते.”

तुझी, बोटांनी तपकिरी पण मनाने निर्मळ भाची,
अग्निया

ता. क. बाई तीन आठवड्यांनी मुखवटा पुन्हा आणणार आहेत. नवी काच मिळाली, पण बरणी रिकामी आहे. तुझ्याकडे खरजेच्या मलमासाठी पायरोगॅलॉल ठेवलेले असते. पन्नास ग्रॅम पाठवशील का? खरे तर पत्र एवढ्यासाठीच.

ता. क. २. आज सकाळी सफाईवाली बादली घेऊन त्या खोलीत आली, तेव्हा तो चेहरा (काच पुन्हा उलटीच लावली आहे) तिच्यामागेही तितक्याच मायेने वळत राहिला. येवदोकिया प्लातोनोव्हनांना मी हे सांगितलेले नाही. तूही कोणाला सांगू नकोस.