बिबड्यांतला ओवा

मोताळा,
२६ मे २०२५

चि. राखीस,
सुवर्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. इकडे कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही. पत्ता तुझ्या भावाकडून घेतला. वरवट बकालला एका लग्नात भेटला होता. तोही सहजी देईना. "काऊन पाह्यजे ताई तुमाले?" असं दोनदा विचारलं. संशयी बाई म्हणून अख्ख्या मोताळ्यात माझं नाव, पण तुझा भाऊ माझ्या वरताण निघाला!

आईंचे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. काजल बुलडाण्याला कॉलेजात जाते आणि घरी आली की मला शिकवते. यंदा ऊन कडक पडल्यामुळे बिबड्या कडकडीत वाळल्या. आता मुद्द्याचं लिहिते, म्हणजे मुद्द्याच्या जवळपासचं.

गेल्या वर्षी काजलने आपल्या बिबड्यांची वेबसाइट काढली, हे तुला माहीत आहे. कसं माहीत, ते पुढे येईलच. त्यात फोटो आहेत, शहरातल्यांसाठी "बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड" असं लिहिलं आहे, भाव आहेत आणि एका पानावर आईंचा जुना व्हिडिओ आहे, गच्चीवर ओल्या फडक्यावर बिबड्या थापतानाचा. या उन्हाळ्यात पोरीने ती वेबसाइट फेसबुकच्या जाहिरातींना जोडली. मी विचारलं, जोडली म्हणजे काय केलं?

"आई, आपलं पान कोण पाहून गेलं, थे आता फेसबुकले कळते. पाहून गेला अन् घेतलं नाही, तर त्याले आपली जाहिरात पुन्हा पुन्हा दिसते."

"म्हणजे बाजारात नुसता भाव विचारून गेलेल्या बाईच्या मागं टोपली घेऊन तिच्या घरापर्यंत जायचं?"

"हाव. तसंच समज."

मला काही ते पटलं नाही. कोणाच्या मागे असं जाणं बरं दिसतं का? पण ऑर्डरी वाढल्या, मग मीही गप्प बसले.

मग काजलने एक दिवस दाखवलं की पुण्याहून कोणीतरी आईंच्या व्हिडिओचं पान परत परत उघडतं, शेवटपर्यंत पाहतं आणि काही न घेता जातं. कोण, ते कळत नाही. नुसतं गाव कळतं, तेही अंदाजाने. झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. आधी वाटलं, कडूबाची सून करिष्मा. ती आठवडी बाजारात आपल्यासमोरच बिबड्या घेऊन बसते आणि तिचा भाऊ पुण्यात आहे. आईंची रीत चोरायला त्याला बसवलं असणार. मग काजलवरच संशय आला, की पुण्यातला कोणी पोरगा असेल. तिचा मोबाइल चाळला, तर पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तरी रोज सकाळी मी तिला विचारायचीच, "पुणं आलं काय?"

शेवटी चोर धरायला मी सापळा लावला. पाहून जाणाऱ्यांच्या मागे जी जाहिरात जाते, तिच्यात तोच व्हिडिओ टाकायला लावला आणि खाली खोटंच लिहायला सांगितलं, "आमच्या रुखमाबाईंच्या हातच्या, ओवा घातलेल्या बिबड्या." म्हटलं, करिष्मा ऐकून ओवा घालेल आणि मी बाजारात वासावरून धरीन. काजल म्हणाली, "आई, तू पोलिसात पाह्यजे होती."

जाहिरात गेली आणि त्याच आठवड्यात एक निरोप आला. नाव नाही, फोटो नाही, नुसतं कमळाचं चित्र.

"आईंना ओवा चालत नाही."

काजलने मोठ्याने वाचलं. गिऱ्हाईक असतं तर रुखमाबाई म्हटलं असतं. आई तिथेच लसूण सोलत बसल्या होत्या. मी आत गेले आणि रिकामा मिक्सर लावून रडले. तू नवी आलीस तेव्हा हौसेने पिठात ओवा घातला होतास, आठवतं? आईंना वासानेच उलटी झाली आणि सगळा शिजवलेला घाट शेजारी वाटावा लागला. ही गोष्ट घराबाहेर कोणाला माहीत असणार? थोड्या वेळाने तो निरोप पुसलेला दिसला.

आता जे टाळत होते ते लिहिते. त्या व्हिडिओच्या शेवटी गजेंद्र भाऊजींचा आवाज आहे. "आई, इकडं पाय ना, हास थोडी." ते गेल्यापासून आपल्या घरात त्यांचा तेवढाच आवाज उरला आहे. तू बिबड्यांसाठी येतच नव्हतीस, राखी. आणि मी तो आवाज जाहिरातीत घालून तुझ्या नव्या घरात, तुझ्या मागे पाठवला.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. घरात मोबाइल या हातातून त्या हातात जातो. जेवताना कोणाच्या हातात तो आवाज वाजला असेल? श्रेयसरावांनी काय विचारलं असेल? तू निरोप पुसलास, तो भीतीने का? साऱ्या जगावर संशय घेतला, माझ्या शहाणपणावर तेवढा घेतला नाही. तुझ्या संसारात त्यावरून एक शब्द जरी झाला असेल, तर हे पत्र श्रेयसरावांच्या हातात दे. तू काही लपवलं नाहीस, मी तुझ्या मागे आले.

काजलकडून ती जाहिरात बंद करून घेतली. व्हिडिओच्या पानाची जोडणीही काढायला लावली. आता तिथे कोण आलं, कुठपर्यंत पाहिलं, हे कोणालाच कळणार नाही. फेसबुकला नाही, काजलला नाही आणि मलाही नाही. तू निर्धास्त पाहत जा. माझं मात्र अवघड झालं आहे. सकाळी चहा ठेवला की तोंडावर "पुणं आलं काय" येतं आणि मी ते गिळते.

तुझ्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडून कोणी आलं नाही. त्यानंतर या घरात तुझं नाव मोठ्याने कोणी घेतलं नाही. म्हणून वर नुसतं चि. लिहिलं. पाकिटावर नावाआधी काय लिहावं, तेही सुचेना. पेन हातात धरून बसले होते, तेवढ्यात आई मागे येऊन उभ्या राहिल्या. निरोपाचं त्या दिवशीच त्यांच्या कानावर गेलं होतं, मी उगाच मिक्सर लावला.

म्हणाल्या, "सौ. लिह. लगन झालं ना पोरीचं?"

मग तिथेच बसल्या आणि मी लिहीपर्यंत हलल्या नाहीत.

तुझी, अजूनही, जाऊबाई
सुवर्णा