मातीचा बैल आणि माझा बोजारा

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून राग बंद. सिगारेट नव्हतीच, त्यामुळे ती सोडायचा प्रश्न नाही.

आचलनं मला वर्ग दिला. म्हणजे मीच मागितला, पण तिनं नाही म्हटलं नाही. समुद्रपूरच्या बाहेर नाल्यावर पूल होऊन राह्यला, तिथं छत्तीसगडची बिऱ्हाडं उतरली आहेत. त्यांच्या पोरांना ती दर रविवारी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर शिकवते. माझा विषय : लोक गाव सोडून का जातात, आणि आपल्या चालीरीती. दोन्हींत मला गती आहे. कॉलेज पूर्ण केलं असतं तर यावर प्रोजेक्टच केला असता.

हेतू स्वच्छ. आधी आचलच्या मनात शिरायचं, मग तिच्या वडिलांच्या. ती मला दुर्गेशभाऊ म्हणते. आपल्याकडे कंडक्टरलाही भाऊ म्हणतात. त्याचं टेन्शन नाही.

१० ऑगस्ट, रविवार

पहिला तास. फळ्यावर महाराष्ट्र काढला. बटाट्यासारखा आला.

स्थलांतर समजावलं : माणूस कामासाठी गाव सोडतो, काम संपलं की पुढे जातो. पोरं जांभया देत होती. विषय नवा असेल त्यांना. रिंकू नावाची एक पोरगी आहे, कडेवर कायम धाकटा भाऊ. तिनं राहिलेली गावं सांगितली : रायपूर, गोंदिया, हैदराबाद, पुन्हा गोंदिया, आता इथं. मग मलाच विचारलं, सरजी, आप कहाँ गए थे? नागपूर म्हटलं, कॉलेजला. तर म्हणे, फिर वापस काहे आए, काम खतम हो गया?

हो म्हटलं. सरांच्या टेबलावरचं डस्टर मी कुठं फेकलं, हे एवढ्याशा पोरीला काय सांगायचं.

आचल हसली. माझ्याकडे बघून की नकाशाकडे, नक्की नाही.

१३ ऑगस्ट

प्लॅन सुचला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, लोक बैलाला कुंकू लावतात आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात, खाऊ नाहीतर पैसे. हीच परंपरा शिकवायची आणि मिरवणूक न्यायची थेट वासुदेवरावांच्या दारात. आचलचे वडील. खताचं दुकान, जाड मिशा. संस्कृतीसाठी आलेल्या माणसाला कोणी दारातून हाकलत नाही.

वाक्य पाठ केलं : काका, मी दुर्गेश, नव्या पिढीनं परंपरा जपली पाहिजे.

१७ ऑगस्ट, रविवार

तान्हा पोळा समजावला. रिंकू म्हणे, ये तो हमारा पोरा है. त्यांच्याकडे पोळ्याला पोरा म्हणतात, बैल मातीचा, पायाला चाकं, दोरी लावून पळवतात. म्हटलं, बैल लाकडाचाच पाहिजे, आणि त्या दिवशी त्याला पळवायचं नाही, त्याची सुट्टी असते. ती म्हणे, लकड़ी का तो खड़ा ही रहता है, उसको छुट्टी काहे की?

पोरं हसली. मी खडू फेकला. कोणाला लागला नाही. पोरं दप्तरं उचलून निघून गेली.

आचल म्हणाली, भाऊ, तुमी शिकवून राह्यले का भांडून राह्यले?

रागाचा नियम उद्यापासून.

१९ ऑगस्ट

झोपड्यांकडे गेलो. माफी मागायला नव्हे, पाहणीला.

रिंकूच्या आईनं काही न विचारता हातावर ठेठरी ठेवली. बेसनाची, कडक. अजून मागितली. पोरं पुलाच्या खड्ड्यातल्या मातीचे बैल करत होती, चाकांना बाटल्यांची झाकणं. मीही एक केला. रिंकू म्हणे, सूअर अच्छा है.

मातीचे बैल चालतील, अशी परवानगी देऊन आलो. कोणी मागितली नव्हती.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत सगळा चिखल. रिंकूचा भाऊ रडायला लागला, तर तिनं त्याला उचललं आणि स्वतःचा बैल माझ्या हातात दिला. वासुदेवरावांच्या दारात पोचलो तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत मातीची, हातात मातीचा बैल, आणि मी रांगेत.

आचलच्या आईनं एकेक बैल ओवाळला. माझा नंबर आला. वाक्य तयार होतं. वासुदेवरावांनी आधी विचारलं, किधर से आया बाबू?

मी समुद्रपूरचा. बसस्टँडच्या मागचा. तोंडातून फक्त काका एवढंच निघालं.

रिंकूनं मागून मदत केली. नागपुर से आए हैं. काम खतम हो गया.

अरेरे, म्हणाले वासुदेवराव. बैलाला कुंकू लागलं. पोरांना बिस्किटाचा पुडा मिळाला. मला मोठा म्हणून पुडा आणि वर दहाची नोट.

आचल दारात ओढणी तोंडाला लावून हसत होती. या वेळी नकाशा नव्हता.

२४ ऑगस्ट, रविवार

काही शिकवलं नाही. माझी बिस्किटं पोरांत वाटली.

रिंकू म्हणाली, पूल दिवाळीपर्यंत होईल, मग ते बिलासपूरकडे जातील. तिच्या बापानं निरोप दिलाय, मिस्त्रीच्या हाताखाली एक माणूस लागतो, सरजी को आना है तो चलें. राहायची सोय असते का, ते फक्त माहिती म्हणून विचारलं. असते.

आचलनं ऐकलं. म्हणाली, जाल तं सांगून जाजा, भाऊ.

सांगून जा म्हणाली. जाऊ नका असं काही म्हणाली होती का, ते पुन्हापुन्हा आठवून पाहिलं.

नव्हती म्हणाली.