हिचा दगड

५ जानेवारी

नव्या घरात सामान लागलं. दोन खोल्या, तिसरा मजला, नळाला पाणी जोरात, आणि शेजारी गाणं शिकणारं कोणी नाही. म्हणजे स्वर्गच. लेक चार गल्ल्या पलीकडे राहते. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर, घरात ती ठकू. ही वही तिनेच हातात ठेवली. म्हणाली, बाबा, बोलायचं नसेल तर नका बोलू, निदान चार ओळी लिहीत जा. उन्हाळ्यात ही, ठकूची आई, गेली, तेव्हापासून मी रडलो नाही, याची तिला धास्ती वाटते. मला नाही वाटत. मला कशाचंच काही वाटत नाही.

उभा जन्म कपडे शिवण्यात गेला. आता दुकान विकलं, मशिन विकलं. दोनच वस्तू बरोबर आणल्या, माझी कात्री आणि हिचा दगड. लग्न झाल्यावर नदीवर गेलो होतो, तिथून हिने तो उचलला होता. पावाएवढा, करडा, दिसायला अगदीच सामान्य. कापड बेतताना सरकू नये म्हणून तो वर ठेवायचो. मी बेतायचो आणि ही मागे बसून काजं करायची, करंगळी वर ठेवून, जशी काही राणीसाहेब चहा पितेय. तोंडाने गिऱ्हाइकांच्या नकला चालू. मी हसलो नाही की म्हणायची, या दुकानात दोन दगड आहेत, त्यातला एक जेवतो.

१० जानेवारी

ठकूने मला छंद लावायचं मनावर घेतलं आहे. हार्डवेअरच्या दुकानामागे दगड कापून घासायला शिकवतात, तिथे माझं नाव घालून आली. गेलो मुकाट.

लांबट खोली, भिंतीला लागून चाकं, प्रत्येक चाकावर पाण्याची बारीक धार. शिकवणाऱ्यांना सगळे वस्ताद म्हणतात. मऊ बोलणारा माणूस. त्यांनी फिरत्या करवतीवर बोट टेकवलं आणि माझा जीव टांगणीला लागला. बोटाला काही झालं नाही. म्हणाले, धारेवर हिऱ्याची पूड आहे, कठीण असेल ते कापलं जातं, मऊ असेल ते थरथरून निसटतं. तरी हात सांभाळा. हातमोजे मात्र घालायचे नाहीत, चाक ओढून घेतं. पाणी गार असतं, बोटं बधिर होतील, पण त्याची सवय होते म्हणे.

१९ जानेवारी

मजा येते आहे, खोटं कशाला बोलू. दगडाचा तुकडा लाखेने काडीला चिकटवायचा आणि चाकावर धरायचा. आधी जाड चाक, मग मधलं, मग बारीक, शेवटी चामड्यावर झिलई. प्रत्येक चाकाने आधीच्या चाकाचे ओरखडे पुसायचे, एवढंच सगळं शास्त्र. ओला दगड फसवतो, सगळा गुळगुळीत दिसतो. पुसून वाळवला की राहिलेला ओरखडा दिसतो. शिवणीतही तसंच, इस्त्री फिरल्याशिवाय चूक कळत नाही.

मंडळी शांत आहेत. एक रिटायर झालेला बसकंडक्टर. एक बाई, तिला वस्ताद जुळ्यांची आई म्हणतात. तिच्या कानांत तिनेच घासलेले दोन तांबडे खडे आहेत, हुबेहूब सारखे.

२८ जानेवारी

वस्ताद म्हणाले, हात बसला, आता घरचा दगड आणा. ज्याचं ओझं होतं असा आणा. सगळ्यांनी असाच आणला होता म्हणे. मी हिचा दगड नेला.

करवतीपुढे उभा राहिलो आणि दगड दोनदा पुन्हा पिशवीत घातला. पण काळजावर दगड ठेवून तो दगड कापला. आतून गुलाबी पट्टे निघाले, साध्या कोटाला रेशमी अस्तर असावं तसे. ठकू अर्धा घेऊन गेली. तो छातीशी धरून माझ्यासमोर रडली. मी तिच्यासाठी पाणी आणलं.

६ फेब्रुवारी

हिचा दगड जाड चाकावर धरला. घरी आलो आणि गाढ झोपलो, कितीतरी महिन्यांनी. सकाळी चहा करताना ही कोणाकोणाच्या नकला करायची ते आठवायला गेलो. एकही आठवली नाही. वय झालं, दुसरं काय. उलट हलकं वाटलं.

१५ फेब्रुवारी

मधलं चाक झालं. ठकूने तिच्या आईचा एक किस्सा सांगितला आणि पोट धरून हसली. मी पाहुण्यांसमोर हसतात तसा हसलो. हिचा आवाज आठवेना. जाड होता की बारीक?

ठकूची ओढणी हातात घेतली. सुती की रेशमी, बोटांना कळलं नाही. शिंप्याच्या बोटांना! मी घाबरायला हवं होतं. हे मला नीट समजत होतं, पण घाबरलो नाही.

१९ फेब्रुवारी

आज जुळ्यांच्या आईला सहज विचारलं, मुलं केवढी आहेत आता. तिने माझ्याकडे छान हसून पाहिलं आणि विचारलं, कोणाची मुलं? मग पुन्हा चाकाकडे वळली. कंडक्टरने मान वर केली नाही. वस्ताद हळूच म्हणाले, किती रडायच्या आधी, बघा आता.

तिच्या कानांतले ते दोन खडे.

मला कळलं. आता तिथे जायचं नाही. आणि ठकूला तिथे न्यायचं नाही, कधीही नाही.

२४ फेब्रुवारी

गेलो नाही. आधी बोटांत मुंग्या आल्या, मग आग झाली. मग आज दुपारी ही आली. सगळी, एकदम. दवाखान्यातली खाट, चादरीवरचा तिचा हात, नुसती हाडं. कोणाच्या तरी सदऱ्याची काजं राहिलीत, शेवटपर्यंत तेच सांगत होती. मी जमिनीवर पडून ओरडलो. शेजाऱ्यांनी दार वाजवलं. ठकू धावत आली, मला कुशीत घेतलं आणि म्हणाली, रडा बाबा, रडा. आनंद झाला होता तिला, म्हणाली, बाबा परत मिळाले.

मला हे सोसत नाही. इतकं कोणाला सोसतं? मी उद्या जाणार. एकदाच.

३ मार्च

बारीक चाक. शांत. बायको वारली आहे, हे माहीत आहे, एखाद्या गावाला रेल्वे जात नाही हे माहीत असावं तसं. ठकूचे फोन येतात.

१० मार्च

पाणी गुलाबी झालं तेव्हा पाहिलं. अंगठ्याचं नख घासलं गेलं होतं, खालपर्यंत. दुखलं नाही. कंडक्टरने फडकं दिलं. त्याची बोटं पाहिली — टोकं गुळगुळीत, रेघा नाहीत —

दगड वाळवला. एक ओरखडा उरला आहे. वस्ताद म्हणाले, दुसरा अर्धा कोणाकडे आहे? तो घासल्याशिवाय हा जायचा नाही.

लेकीकडे आहे, असं मी सांगून बसलो.

१६ मार्च

आज एक मुलगी आली. माझा हात धरून ओढत होती, घरी चला म्हणत होती. अर्धा दगड टेबलावर आपटला. आईचा आहे हा, म्हणाली. मी विचारलं, कोणाच्या आईचा?

ती खालीच बसली. खूप रडली. वस्तादांनी तिला स्टूल दिलं, नळाचं पाणी दिलं. म्हणाले, किती दिवस एकटीने रडायचं, बसा, एकदा हात तर भिजवा.

ती थकलेली होती. बसली.

मागच्या एका पानावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे, ठकूला तिथे न्यायचं नाही. ठकू — बराच वेळ आठवून पाहिलं.

२५ मार्च

नवी मुलगी रोज येते. शेजारच्या चाकावर. हात चांगला आहे. पहिले काही दिवस रडायची, आता नाही. माझ्या दगडावरचा ओरखडा बारीक होत चालला.

घरात फोन वाजत नाही. आधी वाजायचा का —

२ एप्रिल

वही वर्गातच आणली. झिलई झाली. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले, पट्टे जुळले. सगळ्यांनी कौतुक केलं. मुलगीही हसली. म्हणाली, काका, तुम्ही इथे कधीपासून येता?

काका. बरोबरच आहे, माझ्या वयाच्या माणसाला —

पण छातीत काहीतरी. दुखलं. दगड पुसला, वाळवला — मधोमध ओरखडा. नवा. खोल. वस्तादांनी पाहिला. म्हणाले, हरकत नाही, पुन्हा जाड चाकापासून. चाक सुरू केलं आहे. मुलीने माझ्यासाठी धार सोडली. घाईने लिहितो आहे. तिने दगड चाकावर धरला आहे, आणि करंगळी वर — तशी करंगळी वर ठेवून काजं — दुकानात, मागे बसून — ती — आमची ही —