‘येतो’ म्हणायचे नाही

रविवार, ३ नोव्हेंबर १९६३
जलंब

घर मिळाले! चिखलीहून आणलेले सामान आज उतरवले. पंचफुलाने नव्या चुलीवर पहिला चहा केला आणि पहिला कप स्वतःच घेतला. घर मी शोधले, तुम्ही नुसती पेटी उचलली, असे तिचे म्हणणे.

तिला शेगावच्या एका दवाखान्यात नर्सची जागा मिळाली, मला खामगावच्या एका जिनात, सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापूस तोलायच्या काट्यावर. आई म्हणाली, दोघांपैकी एकाने नोकरी सोडा. आम्ही ठरवले की कोणीच सोडायची नाही आणि वेगळेही राहायचे नाही. मग जागेचा शोध. खामगावात प्रत्येक घरमालक नाव विचारी, गाव विचारी, मग हळूच “कोणते लोक?” आणि उत्तर ऐकले की खोली कालच दिलेली असे. शेगावात खोल्या भक्तांसाठी, रोजाच्या. जलंब मात्र दोघांच्या मधोमध. इथून माझी गाडी एका फाट्याने जाते, तिची दुसऱ्याने.

घर दोन खोल्यांचे, टिनाचे. मध्ये दार, आतल्या खोलीला ओट्याकडे पाहणारी गजांची खिडकी, पुढे ओटा. मालकीण गोजरबाई शेजारीच राहतात. म्हाताऱ्या आहेत, एकट्या आहेत. त्यांनी काही म्हणजे काहीच विचारले नाही, आडनावसुद्धा नाही. पंचफुलाला याचे फार बरे वाटले. मला वाटले, का विचारले नसेल?

शाळा सातवीत सुटली म्हणून रोज एवढे तरी शुद्ध लिहायचे, असा माझा नेम आहे. पंचफुला नागपुरात शिकलेली. माझ्या वेलांट्या तपासते. आजवर एकही चूक सापडलेली नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सकाळी कुलूप लावून निघालो. सवयीने गोजरबाईंना मी “येतो” म्हणालो, पंचफुला “येते” म्हणाली. त्यांनी हातातला खराटा खाली ठेवला. म्हणाल्या, या घरून निघताना ‘येतो’ म्हणायचे नाही, ‘जातो’ म्हणायचे.

मी चकित झालो. आमच्या घरी कोणी निघताना ‘जातो’ म्हटले तर आई तोंडावर मारील. जाते ते मढे. माणूस येतोच म्हणतो. हे मी त्यांना नीट समजावले. त्या एवढेच म्हणाल्या, “इथून येतो म्हनलं का ते येते, बाप्पा.”

मी मनात दुरुस्त केले: ‘तो येतो’. या भागात ‘तो’लाही ‘येते’ म्हणतात. लिंगाचा काही धरबंद नाही.

स्टेशनावर पंचफुला हसत होती. सगळीकडे जात विचारली, इथे नुसते ‘जातो’ म्हणायला सांगतात, एवढ्यावर सुटलो! आम्ही दोघेही एकमेकांना “येतो”, “येते” म्हणून आपापल्या गाडीत बसलो.

शनिवार, ९ नोव्हेंबर

समोर रंगराव सांधेवाले राहतात, रेल्वेत रुळांचे सांधे बदलतात. आज चहाच्या टपरीवर चार माणसांत म्हणाले, “काऊन हो इंद्रभानभाऊ, दुपारीच पयून येता? जिन काय सासऱ्याचं हाय?”

मी सांगितले, दुपारी मी काट्यावर होतो.

“मंग तुमच्या ओट्यावर काय माहा बाप बसला होता?”

सगळे हसले. मीही हसलो. पण शर्ट कोणता होता ते विचारले. माझाच निळा, असे ते म्हणाले. तो तर दिवसभर जिनात माझ्या अंगावर होता.

घसा बसला आहे. जिनात रुई उडते, तिच्यामुळे असेल.

बुधवार, १३ नोव्हेंबर

पंचफुला रागावली आहे. आज तिला अर्धी सुटी होती. ती घरी आली तेव्हा म्हणे दार उघडे होते आणि मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. तिने विचारले, बरे नाही का? मी बोललो नाही. तिने भाकरी आणि पिठले वाढले, मी जेवलो. ती विहिरीवर गेली आणि परत येईपर्यंत मी निघून गेलेला. एवढा कसला रुसवा, असे मला विचारते.

त्या वेळी मी खामगावात होतो. एका गाडीवानाने ओला कापूस आणला होता, त्याच्याशी भांडत होतो. दहा माणसांनी पाहिले आहे. पण हे मी तिला सांगितले नाही.

रंगराव म्हणतात ओट्यावर माणूस होता. ही म्हणते घरात माणूस होता. दोघेही त्याला माझे नाव देतात. परक्याला हुशार बाई दुसरे कोणते नाव देईल?

हे लिहायला नको होते. खोडत नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

त्याला पकडायचेच म्हणून दुपारच्या गाडीने परतलो. दाराला कुलूप तसेच. खिडकीतून पाहिले.

आत पंचफुला. पेटीवर बसलेली, पांढरे पातळ, तोंड भिंतीकडे. हाक मारली. वळली नाही. नुसता हात उचलला आणि बोटांनी मला आत बोलावले.

मी किल्ली काढली. कुलपाला लावली. तेवढ्यात मागून हाक आली. रुळांकडच्या वाटेने, दवाखान्यातून लवकर सुटलेली पंचफुला येत होती. छत्री, डबा, कपाळावर घाम.

आम्ही दोघांनी मिळून खिडकीतून पाहिले. खोली रिकामी होती.

मग मी तिला सगळे सांगितले, बुधवारी मनात काय आले होते तेही. तिने छत्री माझ्या खांद्यावर हाणली. मग ओट्यावर बसून रडली.

रविवार, १७ नोव्हेंबर

गोजरबाईंना विचारले. तो कोण येतो?

“मी ‘तो’ कुठी म्हनलं? ‘ते’ म्हनलं. म्हनलेलं येते.”

ज्याने म्हटले त्याच्या रूपाने येते. पहिले बसते. मग जेवते. मग घरातल्या दुसऱ्याला बोलावते. बोलावण्यावर आत गेले की—पुढचे त्यांनी सांगितले नाही.

आमच्या आधी इथे एक मास्तर आणि मास्तरीण होते. ते कुठे गेले, विचारले. त्या म्हणाल्या, “गेले नाईत.”

मी चिडलो. मग आम्हाला घर का दिले?

“दुसरं कोनी घेते काय? अन तुमाले दुसरं कोनी देते काय?”

बोलायला तोंड उघडले. आवाजच फुटला नाही. घशातून नुसती हवा येते आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

कामावर गेलो नाही. तीही नाही. तिला दवाखान्याच्या आवारात खोली मिळेल, पण एकटीला. नोकरी सोडून चिखलीला परत जाऊ, असे मी पाटीवर लिहून दाखवले. तिने ते पुसले. म्हणाली, दोन दिवस धर्मशाळेत काढू, पण एकत्र काढू.

उद्या ती धर्मशाळेतली जागा पक्की करून दुपारी येणार. मी सामान बांधायचे. ती आत येणार नाही. बाहेरून “येऊ का?” विचारील. गुळण्यांनी उद्या दुपारपर्यंत घसा सुटेल, असे ती म्हणते; माझा आवाज ऐकला तरच पाय ठेवील. ते अजून कुणाशी बोललेले नाही. रूप घेतले तरी आवाज कुठून आणील?

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सकाळी ती ओट्यावरून “जाते” म्हणाली. जड तोंडाने. मला फक्त मान हलवता आली.

दुपार

गाठोडी बांधून झाली. आतल्या खोलीत आहे.

मधल्या दाराची कडी पलीकडून लागली. मी लावलेली नाही.

बाहेरच्या खोलीत कोणीतरी खाकरले. घसा मोकळा करते आहे—

गाडी आली. खिडकीतून तिची छत्री दिसते. ओरडलो. आवाज नाही. दार ठोकतो आहे, तेही वाजत नाही. गजांतून हात हलवतो. ती पुढच्या दाराकडेच पाहते आहे.

“येऊ का?”

बाहेरच्या खोलीतून उत्तर आले. “ये.”

माझा आवाज. स्वच्छ. चिखलीचा. तिचा चेहरा उजळला. छत्री मिटते आहे—

हे पान फाडून तिच्या पायाशी टाकतो. ती वाचील. माझे अक्षर ओळखील.

पंचफुला, पाय ठेवू नकोस. आतून ‘ये’ म्हणाला तो आवाज माझा